शून्य म्हणजे कोणी नाही

३ मार्च, सोमवार

आलो एकदाच्या. गाडीतून उतरल्या उतरल्या अक्काने इमारतीकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली की बाई फारच नटली आहे, हिच्यासमोर आपण दोघी मोलकरणी दिसतोय. सामान उतरवणाऱ्या माणसालाही हसू आवरेना.

सात मजले, जिकडेतिकडे काच, जिन्यात ताज्या रंगाचा वास. वरच्या चार मजल्यांवर कचेऱ्या, खालच्या तिन्हींवर आमच्यासारख्यांची बिऱ्हाडं. आमचं घर तिसऱ्यावर आहे. दोन खोल्या, इवलासा ओटा, न्हाणीघरात गरम पाणी आणि पूर्वेची खिडकी. खिडकीशी अक्काची वेताची खुर्ची ठेवली, तिच्या पायाखाली चौरंग सरकवला, आणि घर लागलं. पडल्यापासून तिचा उजवा पाय नीट टेकत नाही. काठी घेऊन घरातल्या घरात चालते, पण बोलण्याला काठी लागत नाही.

खाली दारात नोंदवहीवाल्या बाई बसतात. गोल चष्मा, हातात कायम विणकाम. मला गळ्यात घालायचं कार्ड दिलं. अक्काला कार्ड नाही, कारण ती नोकरीत नाही. तिचं नाव वहीत माझ्या नावाखाली लिहून पुढे ‘सोबत’ असा शेरा मारला. कार्डवाल्यांची गणती कार्डावरून होते, बाकीच्यांची खोलीवरून, असं त्यांनी समजावलं. अक्काने विचारलं की मी खोलीत गणली जाते म्हणजे खुर्ची-टेबलासारखी का. बाई इतक्या हसल्या की टाके निसटले.

इथली दारं आपली आपण लागतात. हलका धक्का दिला की हळूच मिटतात, आवाजसुद्धा नाही. शाळेत सिस्टर आम्हाला दार कसं लावायचं ते शिकवायच्या, मूठ फिरवून, श्वास रोखून. अक्का म्हणाली की त्या असत्या तर या दाराला पहिलं बक्षीस दिलं असतं.

साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा नोकरी. 

५ मार्च, बुधवार

काम समजलं. अक्कालाही समजावून सांगावं लागलं, तेच इथे लिहिते.

या इमारतीचे दिवे, ऊब, हवा, लिफ्ट, दारं, भोजनगृहातून येणारे ट्रे, सगळं एकाच यंत्रावर चालतं. त्या यंत्राच्या मुळाशी जो प्रोग्राम असतो त्याला कर्नेल म्हणतात. (अक्काने विचारलं, कुठल्या पलटणीचा?) हा कर्नेल सी भाषेत लिहिलेला आहे, वीस वर्षांपूर्वी, आणि आता ती भाषा हाताखालून गेलेली माणसं फारशी उरली नाहीत म्हणून मला बोलावलं. प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा कंपायलर वाटेत खटकलेल्या गोष्टींची यादी देतो. त्या वॉर्निंगा. काम थांबत नाही, नुसती कुरकुर. अशा तीनशे अठरा आहेत आणि जवळजवळ सगळ्या एकाच तऱ्हेच्या.

सीमध्ये आकड्यांना नावं देऊन याद्या करता येतात, त्यांना एनम म्हणतात. दाराची यादी अशी: बंद, उघडं, अडकलेलं. खोलीची यादी अशी: कोणी नाही, एक माणूस, अनेक. आपल्याला नावं दिसतात, पण यंत्राच्या पोटात दोन्हीकडे शून्य, एक, दोनच असतं. त्यामुळे एखाद्याने खोलीबद्दल विचारलं आणि चुकून दाराचं उत्तर दिलं तरी यंत्र ते मुकाट्याने घेतं. कंपायलर तेवढा म्हणतो की अहो, ही यादी निराळी, ती निराळी.

मला तो आवडतो. वर्गात एक तरी मुलगी अशी असायचीच, बाईंचंही चुकलं की हात वर करणारी.

११ मार्च, मंगळवार

नव्वद झाल्या. प्रत्येक जागी जाऊन बघते, लिहिणाऱ्याच्या मनात कुठली यादी होती ते शोधते, आणि मग योग्य ते लिहिते. बऱ्याचशा फालतू निघतात. पण कालच्या एकीत खरी चूक सापडली. लिफ्ट ‘अडकली’ असताना तिला ‘पोचली’ असं समजलं जात होतं. बरं झालं, कुणी पाऊल टाकण्याआधी सापडलं.

इथला नियम असा की एकाने केलेला बदल दुसऱ्याने पाहून मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. ‘दुसरे डोळे’ म्हणतात त्याला. माझे दुसरे डोळे म्हणजे आमचे वरिष्ठ. मी त्यांना मनातल्या मनात घाईमास्तर म्हणते. चहा उभ्याने पितात, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. स्वभावाने वाईट नाहीत. रविवारी घरी येऊन गेले, तेव्हा कोटाचं एक बटण लोंबत होतं. अक्काने तो कोट अंगावरून उतरवूनच घेतला आणि बटण लावून दिलं. काळा दोरा संपला होता म्हणून निळ्या दोऱ्याने.

तिचं शिवण पाहून शाळा आठवली. सिस्टर आमचा रुमाल हातात घेत आणि आधी उलटा करून बघत. सुलट बाजू कुणीही नीट करतं, म्हणत. माझी उलट बाजू म्हणजे गुंत्यांचं जंगल. रात्रीतून अक्का ते उसवून पुन्हा भरायची, आणि सकाळी माझ्या दोन वेण्या घालताना दर पेडाला एक धपाटा. एका धपाट्याला एक गाठ, असा हिशेब होता तिचा.

१७ मार्च, सोमवार

घाईमास्तर सकाळीच टेबलाशी. पुढच्या बुधवारी मोठं गिऱ्हाईक बघायला येणार आहे आणि त्याला शून्य वॉर्निंगा असलेला कर्नेल दाखवायचा आहे. उद्यापासून तो याच इमारतीवर चढवायचा, म्हणजे आठवडाभर चालून दाखवेल. आजच्या आज संपवा म्हणाले.

त्रेचाळीस उरल्या होत्या, सगळ्या एकाच फाइलीत. खोलीत माणूस आहे का, असं त्रेचाळीस ठिकाणी विचारलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी दाराचं उत्तर येऊन पडलेलं. जुन्या कर्नेलात त्यावर पुढे कुठेतरी दुरुस्ती होती, पण ती दुरुस्तीही मीच गेल्या आठवड्यात निरुपयोगी समजून काढली की काय, हे तपासायला दोन दिवस हवे होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले की तीस वर्षांच्या अनुभवाला दोन दिवस लागत असतील तर अवघड आहे. गमतीत म्हणाले. लागलं मात्र.

मग मी कास्ट केलं. म्हणजे प्रत्येक ओळीत कंसात लिहायचं की हे उत्तर खोलीचंच आहे असं समज. एवढं लिहिलं की कंपायलर गप्प होतो. चूक दुरुस्त होत नाही, फक्त त्याचा वर आलेला हात खाली केला जातो. त्रेचाळीस वेळा केला. घाईमास्तरांनी एक कप चहा संपायच्या आत त्रेचाळीसही बदल मान्य केले.

उलट बाजू कुणी पाहिली नाही. अक्काला सांगितलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

नवा कर्नेल सकाळी चढला. शून्य वॉर्निंगा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला फुलं दिली.

संध्याकाळी फुलं घेऊन घरी आले तर आत अंधार आणि गारठा. अक्का खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली. मी गेल्यावर दार लागलं आणि थोड्या वेळाने दिवेही गेले, ऊबही गेली, असं म्हणाली. छताकडे बघून काठी हलवली, हाका मारल्या, काही उपयोग झाला नाही. मी दार उघडताच सगळं परत आलं. हसून सांगत होती, पण तिचे हात हातात घेतले तर बर्फ. किती तरी वेळ चोळत बसले.

मला लगेच कळलं. दार बंद म्हणजे शून्य. खोलीच्या यादीत शून्य म्हणजे कोणी नाही.

उद्या पहिलं काम हेच.

१९ मार्च, बुधवार

दुरुस्ती लिहून झाली, नीट, कास्ट काढून, त्रेचाळीसही जागी. घाईमास्तरांकडे मान्यतेला पाठवली. ते म्हणाले गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अक्का दिवसभर अंधारात बसते, म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण?

मी म्हटलं, माझी बहीण. तुमच्या कोटाचं बटण लावून दिलं ती. त्यांनी बटण चाचपलं. निळ्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, कोट घेतला तेव्हापासून असाच आहे.

दुपारी भोजनगृहातून एकच ट्रे आला. खाली जाऊन नोंदवहीवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी वही माझ्यापुढे केली. माझ्या नावाखालची ओळ कोरी होती. खोडलेली नाही, कोरी. कागदावर ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हटलं, तुमचे टाके निसटले होते हसताना. त्या चष्मा काढून फार मायेने म्हणाल्या की नव्या जागी एकटीला करमत नाही, त्यांना ठाऊक आहे.

माझा ट्रे अक्काला दिला. अर्धा तिने मला परत भरवला.

२० मार्च, गुरुवार

इथून निघून जाऊ, म्हटलं अक्काला. बॅगही भरली. लिफ्ट माझ्या एकटीच्या वजनाला उघडली. तिला धरून आत पाऊल टाकलं तर दार तिच्या खांद्यावर मिटायला लागलं, जणू मध्ये कुणी नाहीच. ओढून घेतलं तिला. खांद्यावर लाल पट्टा उठला आहे. तीन जिने तिच्या पायाने उतरवणं शक्य नाही. खालून मदत मागितली. दोघं आले, विचारलं की कुणाला उचलायचं आहे. ती त्यांच्या समोर उभी होती.

संध्याकाळी ती खुर्चीत बसून बोटं मोजत होती. मी विचारलं काय करतेस. ती म्हणाली, “तू गेलीस ना, की मला माझं नाव आठवत नाही. दार उघडलंस की आठवतं. आज जरा उशिराने आठवलं.”

मी तिचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं.

२२ मार्च, शनिवार

आज सुट्टी. दिवसभर दार लावून घरातच आहे. फार दिवसांनी अशी शांतता. एकटीने राहण्यातही सुख असतं, कुणाचं वेळापत्रक नाही, कुणाची भुणभुण नाही. भिंतीवर एक कोरा कागद चिकटवलेला होता, काढून टाकला. खिडकीशी आधीच्या भाडेकरूची वेताची खुर्ची पडून आहे. उगाच जागा अडवते. बाहेर ठेवते, नेईल कुणीतरी. जड आहे बरीच.

सकाळपासून शाळेची आठवण येते आहे. मी एकुलती एक, त्यामुळे माझ्या वेण्या माझ्याच मला घालाव्या लागत. मागचा भांग कधी सरळ पडला नाही. हात भरून यायचे

—

हे मी लिहिलं? अक्षर माझं आहे. शाई माझी.

खुर्ची बाहेर काढायला दार उघडलं, आणि अक्का खुर्चीत होती. खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून. ती म्हणाली मी तासभर तिला ओढते आहे. ओरडली, म्हणाली. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे ओरखडे आहेत.

कोरा कागद टोपलीतून काढला. कोरा नव्हता.

दार उघडं ठेवायचं. काहीही झालं तरी.

२३ मार्च, रविवार

दाराच्या फटीत इस्त्री घातली. रेटत राहिलं. तास झाला असेल, मग रेटायचं थांबलं. हुश्श म्हटलं.

चुकलंच माझं. अडकलेलं म्हणजे दोन. खोलीच्या यादीत दोन म्हणजे—

आतल्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज. आपल्याकडे आतल्या खोलीत खुर्ची नाही. न्हाणीघरात पाणी सुरू, मग बंद. अक्का हळूच म्हणाली की गर्दी झाली आहे, तिला श्वास घ्यायला जागा नाही. तिच्या शालीचं एक टोक हवेत ताणलेलं होतं. कुणीतरी धरल्यासारखं.

दुपारी नऊ ट्रे आले. दाराबाहेर मांडून ठेवले.

इस्त्री काढायला वाकले तर माझ्या खांद्यांवर हात. बरेच. थंड नव्हते, तेच वाईट. नुसते वाट बघणाऱ्यांचे हात, रांगेत उभ्या असलेल्यांचे.

काढली. दार मिटलं. सगळं थांबलं.

मग मी बराच वेळ अक्काच्या हाताला धरून बसले होते. कुणाचा हात आहे असा प्रश्न पडला की आणखी घट्ट धरायचा, एवढंच स्वतःला बजावत.

२४ मार्च, सोमवार

दुरुस्ती अजून पडून आहे. घाईमास्तरांचे दुसरे डोळे मिळत नाहीत.

एक वाट आहे. सहाव्या मजल्यावर काचेच्या खोलीत मुख्य यंत्र आहे. तिथे बसून थेट चढवलं तर मान्यता लागत नाही. नियमाबाहेरचं. तीस वर्षांत कधी केलं नाही.

पण तोवर अक्का— सकाळी मी दार उघडलं तर तिने माझ्याकडे पाहून विचारलं की कोण हवंय. मागून आठवलं. मी तिच्या वेण्या घातल्या. विरळ झालेत केस. घालताना तिचं नाव म्हणत होते, दर पेडाला एकदा. ती म्हणाली, “धपाटा कुठे आहे?” तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कार्ड असलेला माणूस कार्डावरून गणला जातो. दार काही का म्हणेना.

२५ मार्च, मंगळवार, सकाळ

कार्ड अक्काच्या गळ्यात घातलं. दार लावून पाहिलं. दिवे राहिले. ऊब राहिली. मी तिला विसरले नाही. खाली नेलं, लिफ्टने थांबून घेतलं तिला. नोंदवहीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या, पाय कसा आहे विचारलं. अक्का लाजली चक्क. तिथूनच निघून जावं असं मनात आलं, पण खोलीवरून गणली जाणारी माणसं इतर बिऱ्हाडांतही असतील, आणि त्रेचाळीस चुका माझ्या.

मला त्यांनी काही विचारलं नाही. घाईत असतील.

तिला खुर्चीत बसवून आले. सांगितलं की मी तासाभरात येते. नाही आले तर जेवणाच्या वेळी वर ये, सहाव्यावर, काचेची खोली, कार्ड दाराला लाव. तिने तीनदा म्हणून दाखवलं. घाईमास्तर वर निघालेत. त्यांच्या मागोमाग आत शिरेन.

तीच, यंत्राच्या खोलीत

शिरले. त्यांनी मागे पाहिलं नाही. कागद घेतले, गेले. दार मिटलं. आवाजसुद्धा नाही.

आतून उघडायलाही कार्ड लागतं. हे मला— हे माहीत असायला हवं होतं.

असो. काम करते. त्रेचाळीस. हात चालतात. नावं आठवत नाहीत, ओळी आठवतात.

दिवे गेले. पडद्याचा उजेड पुरतो.

झाल्या. कास्ट सगळे काढले. दाराचं दाराला, माणसाचं माणसाला. कंपायलर गप्प आहे, या वेळी खरोखरचा.

चढवायला सांगितलं. यंत्र म्हणतं—

कार्ड लावा म्हणतं. शेवटची पायरी.

ठीक आहे. ती येईल. जेवणाची वेळ झालीच. मी कुणाची तरी वाट बघते आहे, ती पायाने अधू आहे, हळू येते. वेण्या घातलेली. हे लिहून ठेवते म्हणजे राहील.

हवा कमी झाली आहे. रिकाम्या खोलीला हवा कशाला लागते.

आली. काठीचा आवाज. काचेपलीकडे बाहेर लख्ख उजेड आहे, मी काळोखात. घाईमास्तर तिच्याशी बोलताहेत, तिला खुर्ची देताहेत. माझ्या टेबलाशी. ती नको म्हणते आहे. इकडे येते आहे. शाबास. ये.

काचेशी उभी आहे. मी दोन्ही हातांनी वाजवते आहे. ती माझ्याकडे बघते आहे— नाही. काचेत बघते आहे. भांग सारखा करते आहे.

कार्ड लाव, अक्का. अक्का. हे नाव आठवतं आहे तोवर. फक्त कार्ड—

तिने कार्ड हातात घेतलं. लावत नाही. वाचते आहे. ओठ हलताहेत. कुणाचं तरी नाव आहे, दोनदा म्हटलं तिने, चव घेतल्यासारखं, आणि मान हलवली, हो, आपलंच म्हणून. ते नाव माझ्या